घरच्या जिगचे आठ महिने आणि तो एक विंग नट

सायकलची फ्रेम सरळ आहे का, हे मोजायला मी घरीच एक साधन, म्हणजे जिग, बनवलीय. परवा एक फ्रेम तपासताना तिच्या टोकाचा रॉड पुन्हा फिरला. पुन्हा तोच विंग नट, म्हणजे हाताने आवळायचा पंखांचा नट. वाकड्या फ्रेमनेही इतका वैताग दिला नसेल.

सुरुवात झाली माझ्या सायकलपासून. हात सोडले की ती डावीकडे जायची. दुकानात ‘फ्रेमच टाकून द्या’ असं ऐकवलं, मोजमाप काहीच न करता. मी आधी मागचं चाक उलटं बसवून पाहिलं. रीम तेव्हाही डावीकडेच राहिली, म्हणजे चाक निर्दोष. उलटवल्यावर रीम दुसऱ्या बाजूला गेली असती तर खोट चाकात निघाली असती. फ्रेम स्टीलची होती म्हणूनच वाकवायचं धाडस केलं. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हे करू नये.

जिगची पहिली आवृत्ती लाकडी पट्टीची. दोन ठोकळे हेड ट्यूब (हँडलखालची नळी) आणि सीट ट्यूबला (सीटखालची नळी) टेकतात, टोकाचा एम-६चा (६ मिमी जाडीचा, आटे पाडलेला) रॉड ड्रॉपआउटला, म्हणजे मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचेला. डावीकडे टेकवून नट आवळायचा, जिग तशीच उचलून उजवीकडे लावायची. दोन वेळा मोजलं, दोन वेगळे आकडे. पट्टी वाकली असणार म्हणून ॲल्युमिनियमची चौकोनी नळी आणली. तो खर्च अजून जिवाला लागतो, कारण आकडे तरीही हलायचे. पट्टी सरळ असायची गरजच नव्हती! तीच जिग दोन्ही बाजूंना लावतो, त्यामुळे तिचा बाक दोन्हीकडे सारखाच धरला जातो.

चोर होता विंग नट. आवळताना तो रॉडलाही सोबत फिरवतो. एम-६ च्या एका फेऱ्यात रॉड १ मिमी सरकतो, म्हणजे पाव फेऱ्यात पाव मिमी गेला. शिवाय बाजू बदलताना त्याचा पंख चेन स्टेला (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) अडकून तो सैल होतो. पाना शोधायला नको म्हणून बसवलेला हा नट, आणि त्याच्यापायी किती संध्याकाळी गेल्या!

एक चूक मात्र माझीच. उजवीकडे रॉड आणि ड्रॉपआउटमध्ये ३ मिमी फट दिसली म्हणून फ्रेमचा मागचा भाग ३ मिमी ओढला, तर फट डावीकडे गेली. सरकवायचं असतं फटीच्या निम्मं, दीड मिमी. त्यात स्टील परत उसळतं, म्हणून ओढायचं थोडं जास्त, सोडायचं, मोजायचं. दोन ड्रॉपआउटमधली रुंदी १३० मिमी राहिली ना, हेही दर वेळी पाहायचं. सगळं जमायला तीन रविवार लागले. आता हात सोडून सरळ जाते. शेजारच्या दोन सायकलीही याच जिगवर तपासून झाल्यात.

परवाच्या प्रकारानंतर साधे दोन षटकोनी नट एकमेकांवर आवळून बसवले. खोक्यातच पडून होते. विंग नट आता घंटीच्या क्लॅम्पला लावलाय. तिथेही सुटतो.