म्युन्स्टरचं शांतता-दालन: दालनाला पाच तारे, गाइडला दोन

हयात सांगलीच्या दिवाणी कोर्टात गेली. त्यामुळे जर्मनीत मुलीकडे आल्यावर राजवाड्यांपेक्षा मला म्युन्स्टरच्या जुन्या टाउन हॉलमधला 'फ्रीडन्सझाल' बघायचा होता. 1648 च्या वेस्टफालिया तहाचं, म्हणजे धर्म आणि सत्तेवरून जर्मनीत पेटलेलं तीस वर्षांचं युद्ध मिटवणाऱ्या तहांचं, हे गाव.

दालन लहानसंच आहे. भिंतींना सोळाव्या शतकातलं कोरीव लाकूडकाम, वर ओळीने वाटाघाटींना आलेल्या दूतांच्या तसबिरी. एका भिंतीतली नक्षीदार दारं म्हणजे चक्क दप्तराची कपाटं! नगरपरिषद इथेच बसायची. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत इमारत गेली, पण लाकूडकाम आधीच काढून हलवलं होतं, म्हणून ते अस्सल बघायला मिळतं. तसबिरी सावकाश बघा. समेट झाल्याचा आनंद मला तरी एकाही चेहऱ्यावर दिसला नाही.

आता गाइड (टूर कंपनीचं नाव लिहीत नाही). माणूस गोड, पण निम्मा वेळ सोनेरी कोंबड्यात घालवला. पाहुण्यांना वाइन पाजायचं ते मुलामा दिलेलं भांडं. मग "तीस वर्षांचं युद्ध इथे संपलं" असं एका वाक्यात उरकून आम्हाला बाहेर काढलं.

असं नाही हो ते. 15 मे 1648 ला इथे शपथा झाल्या त्या स्पेन आणि डचांच्या तहाच्या. तीस वर्षांच्या युद्धाच्या तहांवर सह्या झाल्या 24 ऑक्टोबरला, दूतांच्या बिऱ्हाडी. सगळे पक्षकार एका छताखाली कधी बसलेच नाहीत. पोपचा प्रतिनिधी कीजी मध्यस्थ खरा, पण प्रोटेस्टंटांशी बोलायला तयार नाही. मग फ्रान्स म्युन्स्टरला, प्रोटेस्टंट स्वीडन पन्नासेक किलोमीटरवर ओस्नाब्रुकला, जर्मन मुलखाच्या (पवित्र रोमन साम्राज्याच्या) बादशहाचे वकील दोन्हीकडे, आणि मध्ये घोडेस्वारांचं टपाल. वर कोण आधी चालणार, कोणाला कुठली पदवी लावायची हे मानपान. बरं, सरसकट युद्धबंदी नव्हतीच. रणांगणावर कोणाचं पारडं जड, त्यावर इथल्या मागण्या वरखाली व्हायच्या. सह्यांना तीन महिने उरलेले असताना, जुलै 1648 मध्ये, स्वीडिश फौजेने नदीच्या एका काठचं प्राग घेतलं.

तहाचा मसुदा मात्र मानला. सुरुवात कोणी केली, याचा निवाडाच केला नाही; सगळ्या बाजूंनी झालेलं सगळं कायमचं माफ आणि विसरलं. चर्चच्या मालमत्तांसाठी 1 जानेवारी 1624 ही तारीख धरली, त्या दिवशी ज्याचा ताबा त्याची मालमत्ता. काही अपवाद ठेवले, पण वाद एका तारखेवर आणला. ताब्याच्या दाव्यात पिढ्या गेलेल्या पाहिल्यात, म्हणून याची किंमत कळते. पोप हरकत घेणार हे ओळखून कोणाचीही हरकत चालणार नाही, असं कलमही आधीच घातलं. पोपने हरकत घेतलीच.

आमच्या कोर्टात हुकूमनामा मिळवणं सोपं, दरखास्त चालवणं, म्हणजे त्याची अंमलबजावणी करून घेणं, कठीण. इथेही तेच. 50 लाख थालर (तेव्हाची चांदीची नाणी) हातात पडल्याशिवाय स्वीडिश फौज हलेना. ते कसं द्यायचं आणि कोणत्या टप्प्याने फौज मागे न्यायची यासाठी न्यूरेंबर्गला 1649-50 मध्ये वेगळी परिषद भरवावी लागली. म्युन्स्टरच्या बिशपच्याच मुलखातल्या फेख्टामधून स्वीडिश शिबंदी निघाली ती 1654 मध्ये. आणि फ्रान्स-स्पेनचं इथे जुळलंच नाही. ते 1659 पर्यंत लढत राहिले. एवढं सगळं त्या गाइडने कोंबड्यापायी सोडलं.

जाणाऱ्यांसाठी: टूर घेऊ नका, थोडं वाचून जा आणि तिकीट काढून एकटेच फिरा. गावाच्या समारंभांसाठी दालन मध्येच बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. ओस्नाब्रुकच्या टाउन हॉलमध्येही असंच दालन आहे, रेल्वेने साधारण अर्धा तास. तेही त्याच फेरीत करा, स्वीडनची बाजू तिकडे चालली होती.