घोडा की म्हैस?
महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा घोडा आणि आरेच्या तबेल्यातली म्हैस, दोघंही खुरवाले. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर धावतो. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी त्याच्या पूर्वजाला पुढच्या पायांना चार-चार बोटं होती. म्हशीचं खूर दुभंगलेलं, चिखलात फाकणारं. मुंबईच्या पावसाळ्यात माझं मत म्हशीला!

खरी गंमत पोटात. म्हैस चारा भराभर गिळते, मग निवांत बसून रवंथ करते. घास गळ्यातून वर सरकताना चक्क दिसतो. चार कप्प्यांच्या पोटात जंतू चारा आधीच आंबवतात. घोड्याचं आंबवणं शेवटी, मोठ्या आतड्यात. म्हणून लिदीत गवताच्या काड्या सापडतात, शेण मऊसूत. पण घोड्याचं अन्न लवकर पुढे सरकतं, त्यामुळे हलकं गवतही भरपूर खाऊन त्याचं भागतं.