अक्कलदाढेची शस्त्रक्रिया : काही महिन्यांनंतरचा अनुभव

खालच्या जबड्यात आडवी अडकलेली अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढून घेतल्याला आता काही महिने होऊन गेले आहेत. माझ्या मते या प्रकरणात खुर्चीवरचा वेळ सर्वांत सोपा असतो. खरी परीक्षा पुढच्या आठवड्याची असते, आणि त्या आठवड्यात काय घडणार हे आधी ठाऊक असेल तर निम्मी धास्ती कमी होते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

शस्त्रक्रियेआधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढला जातो. दाढेची मुळे खालच्या जबड्यातून जाणाऱ्या संवेदनेच्या नसेच्या किती जवळ आहेत, हे डॉक्टर त्यात प्रामुख्याने पाहतात; मुळे नसेला अगदी चिकटलेली दिसली तर त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, करायला सांगतात. संमतिपत्रकात ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहण्याची शक्यता लिहिलेली असते. ते वाक्य वाचून सही करण्यापूर्वी आपल्या एक्स-रेमध्ये नस कुठे आहे, हे बोट ठेवून दाखवायला सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणावरची औषधे, मधुमेह, कोणत्याही औषधाची ॲलर्जी यांपैकी काहीही असल्यास ते आधीच सांगितले पाहिजे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत.

भूल स्थानिक असते. इंजेक्शन टोचते, मग काही मिनिटांत त्या बाजूचा अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड होऊ लागते. त्यानंतर हिरडीला छेद देतात, दाढेवरचे थोडे हाड ड्रिलने कोरतात, त्यावर सतत सलाइनचे पाणी सोडत राहतात, आणि बहुधा दाढेचे तुकडे करून ती बाहेर काढतात. भुलेने वेदना जाते, दाब जात नाही, ही गोष्ट मला कुणी ठासून सांगितली असती तर बरे झाले असते, कारण जबडा ढकलला जात असल्याची जाणीव आणि हाडातून थेट कानात शिरणारा आवाज यांमुळे भूल उतरली की काय, अशी शंका येते. दुखत असेल तर हात वर करावा, आणखी भूल देता येते. केवळ दाब जाणवत असेल तर श्वास सावकाश घेत राहणे एवढेच हाती असते.

पहिल्या चोवीस तासांतले सर्व नियम एकाच गोष्टीसाठी आहेत: दाढेच्या खळग्यात रक्ताची गुठळी टिकली पाहिजे, कारण उघड्या हाडाचे संरक्षण तीच करते आणि नवी पेशीजाळी तिच्यावरच उभी राहते. म्हणून गॉज, म्हणजे जाळीदार कापडाची घडी, चावून धरायचा, थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचे नाही आणि धूम्रपान तर अजिबात नाही. लाळ गुलाबी दिसते, ते चालते. गॉज पुन्हा घट्ट दाबूनही ताजे रक्त वाहत राहिले तर मात्र डॉक्टरांना फोन करावा. ओठाची भूल कित्येक तास टिकते, तोवर काही चावून खाल्ले तर आपलाच ओठ दाताखाली येतो आणि ते कळतही नाही.

दुसऱ्या दिवशी ‘एवढेच होते तर’ असे वाटले आणि तिसऱ्या दिवशी गाल फुगला. सूज साधारण ४८ ते ७२ तासांत कळस गाठते, त्यामुळे तिसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट असणे हे बहुधा बिघडल्याचे लक्षण नसते. तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते, गालावर पिवळसर हिरवी छटा उतरली होती. पहिल्या दिवशी थांबून थांबून बर्फाचा शेक आणि नंतर मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या यांचा मला उपयोग झाला. वेदनाशामक गोळी भूल उतरण्याआधी घेतलेली बरी. क्लोरहेक्सिडिनच्या औषधी गुळण्यांनी काही काळ चव बिघडते आणि दातांवर तपकिरी डाग येऊ शकतात. ते डाग दात साफ करून घेतल्यावर जातात.

सूज ओसरत असताना तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास वेदना उलट वाढली, ती कानाकडे जाऊ लागली आणि तोंडाला दुर्गंधी आली, तर ते ‘ड्राय सॉकेट’, म्हणजे गुठळी निघून जाऊन खळग्यातले हाड उघडे पडणे, असू शकते. तेव्हा नुसत्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. डॉक्टर खळगा धुऊन त्यात औषधी पट्टी भरतात आणि बराच आराम पडतो. मला तो त्रास झाला नाही.

मला जे झाले ते हनुवटीवर. भूल उतरल्यावरही तिथला नाण्याएवढा भाग बधिर राहिला. अशी बधिरता बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाते, क्वचित कायम राहते. माझी सुरुवात मुंग्यांनी झाली, मग स्पर्श कळू लागला, आणि आता फक्त दाढी करताना किंचित वेगळेपण जाणवते. दर तपासणीला डॉक्टर कापसाने आणि टोकदार उपकरणाने बधिर भागाच्या कडा तपासून नोंद करत, त्यामुळे तो भाग आकसत चालल्याचे मला दिसत होते. या एका गोष्टीने जितका धीर आला तितका कोणत्याही आश्वासनाने आला नसता.

टाके सुमारे आठवड्याने काढले. खळग्यात मात्र बराच काळ अन्नकण अडकत राहिले, आणि डॉक्टरांनी दिलेल्या वाकड्या टोकाच्या सिरिंजने तो धुणे हे कंटाळवाणे काम मागे लागले. वरून हिरडी काही आठवड्यांत मिटते, आत हाड भरायला कित्येक महिने लागतात. शेजारच्या दाढेला सुरुवातीला थंड लागत असे, ते आता थांबले आहे.

दुसऱ्या बाजूलाही तशीच एक दाढ आहे. ती दुखत नाही, तिच्याभोवती संसर्ग नाही आणि शेजारची दाढ किडलेली नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २००० सालीच अशा निरोगी अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत, असे मार्गदर्शन केले होते. काही तज्ज्ञ तरुणपणीच काढण्याच्या बाजूचे आहेत, कारण वय वाढते तसे हाड कठीण होते आणि भरून येण्यास वेळ लागतो. मी आणि माझ्या डॉक्टरांनी तूर्त ती तशीच ठेवून ठरावीक काळाने एक्स-रे पाहायचे ठरवले आहे.