मूतखडा: दुर्बिणीने काढावा की बाहेरून फोडावा?

खडा चार-पाच मिलिमीटरचा असेल तर त्याची वाट बघायची असते. पाणी प्यायचं, कळ थांबवणारी गोळी जवळ ठेवायची, खडा खाली मूत्रनळीत उतरला असेल तर डॉक्टर टॅम्सुलोसिन, म्हणजे ती नळी सैल करणारी गोळी, देतात. दोन सेंटिमीटरच्या पुढचा असेल तर पाठीतून छोटं भोक पाडून काढणं, म्हणजे पीसीएनएल, हेच बहुधा सांगितलं जातं. पंचाईत होते ती मधल्यांची. आठ-दहा ते पंधरा मिलिमीटरचा खडा घेऊन माणूस डॉक्टरांसमोर बसतो आणि डॉक्टर म्हणतात, "दुर्बिणीने लेसर करू किंवा लिथोट्रिप्सी, म्हणजे बाहेरून धक्के देऊन फोडू. घरी बोलून ठरवा." घरी काय बोलणार? शेजारचे काका हुलग्याचं कढण प्या म्हणतात, मेहुणा पानफुटीची पानं आणून देतो आणि मित्रांपैकी एक जण हमखास बिअर सुचवतो.

मी दोन्ही करून बसलोय. २०१८ मध्ये उजव्या बाजूचा ९ मिलिमीटरचा खडा दुर्बिणीने, २०२३ मध्ये डावीकडचा ११ मिलिमीटरचा लिथोट्रिप्सीने. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे पुढचं सगळं एका पेशंटचं म्हणणं आहे, एवढं धरून वाचा. आणि एक गोष्ट आधीच सांगतो: खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला असेल, लघवी अडली असेल किंवा किडनी एकच असेल, तर हे वाचत बसू नका. अडलेल्या लघवीत जंतू झाले की ते काही तासांत रक्तात जाऊ शकतात. अशा वेळी आधी अडलेली लघवी मोकळी करतात, खड्याचं मग बघतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

लेसरबद्दल फार सांगायला नको. लघवीच्या मार्गानेच दुर्बीण वर नेतात, होल्मियम लेसरने खडा फोडतात, तुकडे टोपलीसारख्या तारेत धरून काढतात किंवा भुगा करून सोडून देतात. मूत्रनळीतला खडा न वाकणाऱ्या दुर्बिणीने निघतो. किडनीतल्यासाठी वाकणारी दुर्बीण लागते, त्या ऑपरेशनलाच आरआयआरएस म्हणतात. कुठे चिरायचं नाही, टाका नाही. माझ्या वेळी कमरेखाली भूल दिली होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. खडा गेला का? गेला. पहिल्याच फटक्यात, संपूर्ण. याबाबतीत लेसरच्या बाजूने जे सांगतात ते खरं आहे आणि मी नाकारत नाही.

घरी आल्यावर लघवीला गेलो आणि कमरेत, ऑपरेशन झालं त्याच बाजूला, अशी कळ आली की भिंत धरली. वाटलं, खडा राहिला आत. बायकोने डिस्चार्ज कार्ड काढलं, तेव्हा कळलं: 'डीजे स्टेंट टाकला आहे.' आदल्या दिवशी ज्या पाच-सहा कागदांवर सह्या केल्या, त्यांत ते कुठेतरी असणारच. तोंडाने मात्र कुणी सांगितलं नव्हतं. बायकोने फोनवर आईला सांगितलं, "यांना डीजे बसवलाय." सासूबाईंना बराच वेळ काही उलगडा होईना.

ही साधारण पंचवीस सेंटिमीटरची बारीक, मऊ नळी. दोन्ही टोकं वळलेली, एक वेटोळं किडनीत, दुसरं मूत्राशयात. लेसरनंतर आतली वाट सुजते, भुगा अडकू शकतो, म्हणून लघवी उतरत राहावी यासाठी ती ठेवतात. हेतू चांगला, आणि बरेचदा ती गरजेचीच असते. पण मूत्राशयात मूत्रनळी जिथे उघडते तिथे एरवी एक झडपेसारखी सोय असते, लघवी करताना ती वर जाऊ न देणारी. स्टेंट त्यातून आरपार गेलेला असतो, म्हणून ती सोय तेवढ्यापुरती बंद पडते. लघवी करताना दाब थेट किडनीपर्यंत जातो आणि कळ कमरेत येते. हे मला नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आधी कळलं असतं तर दुखणं तेवढंच राहिलं असतं, घाबरलो नसतो.

आणि खालचं वेटोळं मूत्राशयाला सारखं टोचत राहतं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी लागल्यासारखं होतं. जावं तर चार थेंब. पस्तीस मिनिटांचा तास मी एकदाही सलग घेऊ शकलो नाही. फळ्यावर समीकरण अर्धं टाकून निघायचो, आणि आमच्या शाळेत स्टाफचं स्वच्छतागृह मैदानाच्या पलीकडे. मुलं सुरुवातीला हसली, मग आपण होऊन उदाहरण पुरं करून ठेवू लागली. शाळेला रोज मोटारसायकलवर बावीस किलोमीटर जायचं, बावीस यायचं. ज्या दिवशी खड्ड्यांतून जास्त हादरे बसत, त्या दिवशी लघवी कोकम सरबतासारखी. डॉक्टर म्हणाले, चालायचंच, पाणी प्या. पाणी प्यायलो की पुन्हा मैदानापलीकडे!

दोन आठवड्यांनी काढू म्हणाले होते. मध्ये दहावीची परीक्षा आली, माझी ड्यूटी. ती संपली तर डॉक्टर परगावी. पाच आठवडे झाले. काढायला पुन्हा दुर्बीण, या वेळी फक्त बधिर करणारी जेली लावून. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांबद्दल मी काही लिहीत नाही.

सगळ्यांना असं होत नाही. माझ्या साडूला त्याच नळीचा काही म्हणजे काही त्रास झाला नाही, त्याला तर ती आहे याचीच आठवण राहत नसे. (तेही धोक्याचंच. विसरून महिनोन् महिने आत राहिली तर तिच्यावरच खडे धरतात आणि काढणं अवघड होऊन बसतं. नळी टाकली की काढायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.) काही डॉक्टर सोपं काम झालं तर स्टेंट टाकतही नाहीत, काही दोरा ठेवतात म्हणजे तो ओढून ओपीडीतच निघतो. पण बहुतेकांना थोडाफार त्रास होतो, असं माझ्या ओळखीत तरी दिसलं. आणखी एक गोष्ट लेसरच्या जाहिरातीत नसते. कधीकधी मूत्रनळी इतकी अरुंद असते की वाकणारी दुर्बीण वर जातच नाही. मग आधी नुसता स्टेंट टाकून घरी पाठवतात, नळी रुंदावली की पुन्हा बोलावतात आणि खडा त्या दुसऱ्या वेळी.

२०२३ मध्ये डावीकडे निघाला तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला, "नळी राहणार का?"

लिथोट्रिप्सीला लोक 'शॉक देणं' म्हणतात आणि विजेचा शॉक समजून बिचकतात. ते दाबाच्या लहरींचे धक्के असतात. विमानं बनवणाऱ्या डॉर्नियर कंपनीच्या धक्कालहरींवरच्या अभ्यासातून हे यंत्र निघालं आणि १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या माणसाचा खडा असा बाहेरून फोडला. तेव्हा पेशंटला पाण्याच्या टबात ठेवावं लागे. आता पाठीला जेली आणि पाण्याने भरलेली गादी टेकवतात. इंजेक्शन देऊन मला आडवं केलं, मशीन टक-टक-टक सुरू. कुणीतरी बोटाने टिचक्या मारतंय असं, काही टिचक्या बरगडीला लागतात तेव्हा कळवळायला होतं. सुमारे तीन हजार टिचक्या, पाऊण तासाच्या वर. सावकाश दिलेले धक्के खडा जास्त चांगला फोडतात, त्यामुळे घाईचा आग्रह धरू नका. संध्याकाळी घरी येऊन भात-आमटी जेवलो.

आता त्याचं वाईट. खडा फुटतो, पण तुकडे तुम्हीच बाहेर टाकायचे असतात. चहाची एक जुनी गाळणी त्यासाठी वेगळी काढली, सव्वा महिना ती मोरीत टांगलेली होती. पहिल्या दिवशी लघवी लाल. चौथ्या रात्री एक कळ आली ती अस्सल, जुनी ओळखीची, इंजेक्शनच घ्यावं लागलं. तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला तर निम्मा खडा जागेवर. दुसरं सिटिंग. पुन्हा टिचक्या, पुन्हा गाळणी. तुकड्यांची रांगच मूत्रनळीत अडकून बसली तर शेवटी दुर्बीणच लागते, तीही शक्यता असते. माझ्यावर ती वेळ आली नाही. किडनीच्या खालच्या कप्प्यात ३ मिलिमीटरचा एक कण अजून बसलेला आहे. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर लेसर एका दिवसात पूर्ण, लिथोट्रिप्सी सात आठवड्यांत जवळजवळ पूर्ण. गणिताच्या मास्तरने खरं तर लेसरला पैकीच्या पैकी द्यायला हवेत.

पण त्या सात आठवड्यांत माझे त्रासाचे दिवस मोजले तर सहा-सात भरतील. बाकीचे दिवस मी शाळेत होतो, पूर्ण तास घेत होतो, गाडी चालवत होतो. दुर्बिणीच्या वेळी खडा एका दिवसात गेला आणि पाच आठवडे नळीने घेतले. दोन सिटिंग मिळूनही खर्च मला बराच कमी आला. मेडिक्लेममध्ये लिथोट्रिप्सीला चोवीस तास ॲडमिट राहण्याची अट बहुधा नसते. मात्र नव्या पॉलिसीत मूतखड्याला साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, ते आधी वाचून घ्या.

प्रत्येक खडा असा फुटत नाही, हेही तितकंच खरं. साधा सीटी स्कॅन केला की त्यात खड्याच्या घनतेचा एक आकडा येतो, एचयू म्हणून. माझा साडेसातशेच्या आसपास होता. हजाराच्या वर गेला की बाहेरून फोडणं कठीण होत जातं. सिस्टिनचे खडे तर फारच चिवट. खडा खालच्या कप्प्यात असेल तर फुटूनही तुकडे वर चढून सहज बाहेर येत नाहीत, तिथे दुर्बीणच बरी. अंग स्थूल असेल तर धक्का खड्यापर्यंत पोचेतो मंदावतो. गर्भारपणात लिथोट्रिप्सी करतच नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती थांबवता येईल का हे आधी डॉक्टरांना विचारावं लागतं. आणि खडा युरिक ॲसिडचा असेल, जो साध्या एक्स-रेत दिसत नाही, तर या दोन्हींच्या आधी औषध. लघवीची आम्लता कमी ठेवली की तो विरघळू शकतो.

साडूचंही सांगायला हवं. तो दुबईला एसी दुरुस्तीच्या कामावर असतो, गच्चीवर, उन्हात. पंधरा दिवसांच्या सुट्टीत आला होता. त्याला 'बघू, तीन आठवड्यांनी एक्स-रे काढू' परवडणारच नव्हतं. त्याने लेसर केलं, सुट्टी संपायच्या आत नळी काढली आणि विमानात बसला. त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

आणखी एक भीतभीतच सांगतो. दुर्बीण आणि लेसर आता तालुक्याच्या गावीही आहे, लिथोट्रिप्सीचं मशीन सगळीकडे नसतं. ज्यांच्याकडे जे असतं त्याचा सल्ला आधी येतो, यात कुणाचा वाईट हेतू असतो असं मला वाटत नाही. पण सीटीची सीडी घेऊन, दोन्ही सोयी असलेल्या ठिकाणी एकदा दाखवून आलं तर बिघडत नाही. एचयू किती, खडा कोणत्या कप्प्यात, नळी राहणार का, राहिली तर किती दिवस आणि कोण काढणार, एवढे प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या. तिथे गेल्यावर आठवत नाहीत.

खडा कुठल्याही वाटेने गेला तरी तुकडा तपासायला द्या. माझा दोन्ही वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला, बहुतेकांचा तोच असतो. मी लगेच दूध-दही बंद केलं होतं, आणि तेच चुकलं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं. ते कमी केलं की ऑक्झलेट उलट जास्त शोषलं जातं. बिचाऱ्या टोमॅटोवरही उगाच आळ आहे, त्यात ऑक्झलेट फारसं नसतं. पालक आणि अळू मात्र खरे गुन्हेगार. अळूची खाज येते ती त्या ऑक्झलेटच्या सुयांचीच. फदफदं मी सोडलेलं नाही, पण आता श्रावणात एकदा, आणि जेवताना वाटीभर ताक घेऊन. पापड-लोणचं कमी केलं, कारण मिठाने लघवीत कॅल्शियम वाढतं. बिनमिठाचं लिंबूपाणी रोज. कढणाने खडा फुटतो असं मी म्हणणार नाही, पण तेवढंच पाणी पोटात जातं.

खरं कारण मला विचाराल तर मैदानापलीकडचं ते स्वच्छतागृह. तिथवर जायला नको म्हणून वीस वर्षं मी दुपारपर्यंत पाणीच पीत नव्हतो. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी एवढं पाणी प्यायचं असतं, आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या पुढे. आता टेबलावर लिटरची बाटली असते. मधल्या सुट्टीआधी ती रिकामी झाली नाही तर पहिल्या बाकावरची मुलगी आठवण करते. खालच्या कप्प्यातला कण गेल्या दिवाळीत होता तेवढाच होता. या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा सोनोग्राफी आहे.