आईबाबांच्या घरातील आधाराच्या दांड्या, दिवे आणि न्हाणीघर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी श्रावणात, पहाटे साडेचारच्या सुमारास, बाबा न्हाणीघराच्या दारात पाय अडखळून पडले. हाड मोडले नाही, परंतु मनगट सुजले आणि उजव्या कुशीवरचा काळानिळा डाग महिनाभर गेला नाही. बाबा ८२ वर्षांचे आहेत, आई ७७ वर्षांची. साताऱ्यात १९८६ साली बांधलेल्या आमच्या बैठ्या घरात ती दोघेच राहतात, आणि ते घर सोडून पुण्याला माझ्याकडे येण्याची दोघांचीही इच्छा नाही. ती इच्छा मला पूर्णपणे मान्य असल्यामुळे आम्ही घरातच बदल करायचे ठरवले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुख्य काम संपले. त्यानंतर दिवाळी, थंडी आणि हा उन्हाळा, एवढा काळ या वस्तू दोघांच्या रोजच्या वापरात आहेत. त्यांपैकी कोणत्या खरोखर उपयोगी पडल्या आणि कोणत्या नुसत्या भिंतीवर राहिल्या, हे आता खात्रीने सांगता येते.

पडताना बाबांनी टॉवेलची दांडी धरली होती आणि ती दोन्ही स्क्रूंसकट त्यांच्या हातात आली. टॉवेलची दांडी ओल्या टॉवेलाचे वजन पेलण्यापुरती बसवलेली असते, पण तोल जाताना माणूस समोर दिसेल ते धरतो. म्हणून न्हाणीघरात धरता येईल अशी प्रत्येक वस्तू माणसाचे वजन पेलणारी असावी, नाहीतर ती तेथे नसावी, असा नियमच आम्ही केला आणि जुन्या दांड्या काढून टाकल्या. भिंतीला भोक पाडायला नको, या विचाराने मी सुरुवातीला हवेच्या दाबाने भिंतीवरच्या टाइल्सना चिकटणाऱ्या दांड्या आणल्या होत्या. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि टाइल्सवर क्षारांचा थर बसतो. दहा दिवसांनी सहज ओढून पाहिली तर त्यांतली एक दांडी माझ्या हातात आली. ज्या घरात कोणी त्या दांडीवर विश्वास टाकून उठणार आहे, त्या घरात ती वस्तू नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या, ३२ मिलिमीटर जाडीच्या दांड्या स्क्रूने बसवल्या. दांडी आणि भिंत यांच्यात साधारण दीड इंचाची फट असावी. त्याहून कमी असेल तर बोटांची पेरे भिंतीला घासतात आणि फार जास्त असेल तर हात निसटून कोपरापर्यंत आत अडकू शकतो. आमच्या भिंती विटांच्या असल्याने काम सोपे गेले. मिस्त्रींनी टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवला, त्यामुळे एकही टाइल तडकली नाही. एका ठिकाणी टाइल ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तेव्हा दांडी चार इंच बाजूला घेतली. नव्या इमारतींत हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत साधा प्लॅस्टिकचा प्लग काही महिन्यांत सैल होतो, म्हणून अशा भिंतींसाठी मिळणारे वेगळे, लांब अँकरच वापरावेत आणि भिंतीतून पाण्याचे पाइप कोठून गेले आहेत हे आधी पाहून घ्यावे.

दांड्या कोठे बसवाव्यात, याबाबत माझी मोठी चूक झाली. मी मोजपट्टी घेऊन तीन जागा ठरवल्या. चौथी जागा आईने दाखवली. न्हाणीघराच्या बाहेर, दिव्याच्या बटणाखाली, ऑइलपेंटवर तळहाताएवढा काळपट, गुळगुळीत डाग होता. गेली कित्येक वर्षे आत पाऊल टाकण्यापूर्वी दोघांचाही हात तेथेच टेकत होता, आणि आम्ही दर दिवाळीला तो डाग पुसत होतो. तेथे १८ इंचांची उभी दांडी लावली. आज सर्वाधिक वापर तिचाच आहे, कारण हात आपोआप तिच्याकडे जातो. मी मोजून ठरवलेल्या तीनपैकी एक दांडी कमोडच्या उजव्या बाजूला आहे. बाबांचा उजवा गुडघा दुखरा असल्यामुळे ते डाव्या हातावर भार देऊन उठतात आणि डाव्या बाजूला भिंतच नाही. अखेर कमोडभोवती उभी राहणारी, दोन्ही बाजूंना हात असलेली चौकट आणावी लागली. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी आधी दोन दिवस घरातल्या वडीलधाऱ्यांचे हात कोठे कोठे टेकतात ते शांतपणे पाहावे आणि भिंतींवरचे डाग शोधावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कमोडवर मी चार इंच उंचीची बैठक बसवली होती. बाबांना ती सोयीची झाली, परंतु आई ठेंगणी असल्याने तिचे पाय जमिनीला टेकेनात. ती दर वेळी वाकून बैठक काढून ठेवू लागली आणि वाकण्याचा धोका नव्याने निर्माण झाला. आता दोन इंचांची बैठक आणि ती चौकट, यांवर दोघांचेही भागते.

अंघोळीच्या खुर्चीचा अनुभवही असाच आहे. रबरी बूट असलेली ॲल्युमिनियमची खुर्ची मजबूत आहे, पण ती शॉवरखाली बसणाऱ्यांसाठी घडवलेली आहे आणि आमच्या घरी अंघोळ बादलीतांब्याने होते. सतरा इंचांवर बसून जमिनीवरच्या बादलीत तांब्या बुडवायचा म्हणजे प्रत्येक तांब्याला पुढे झुकणे आले. तीन दिवसांत आईने खुर्ची बाजूला सारली आणि पुन्हा पाटावर बसू लागली. मग गवंड्याकडून बादलीसाठी विटांचा, वर कडप्पा घातलेला, फूटभर उंचीचा कट्टा बांधून घेतला आणि प्लंबरकडून नळ तेवढाच वर घेतला. तेव्हापासून खुर्ची रोज वापरात आहे. दुकानात कोणीही हे सांगितले नव्हते, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिले.

दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या दिवशी आणखी एक उणीव कळली. तेलाच्या हाताने चकचकीत स्टीलची दांडी धरली की हात सरकतो. आई घाबरली, पण खुर्चीवर बसलेली असल्यामुळे पडली नाही. खुर्चीजवळची ती दांडी नंतर बदलून खरखरीत पृष्ठभागाची घेतली. पहिल्यापासून तशीच घ्यायला हवी होती.

दाराचे काम खर्चाने लहान असले तरी मी त्याला फार महत्त्व देतो. न्हाणीघराचे दार आत उघडत असे. आत कोणी पडले तर त्याच्याच शरीराने दार अडते आणि बाहेरच्याला आत जाता येत नाही. सुताराने बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडणारे केले आणि आतल्या कडीच्या जागी बाहेरून नाण्याने फिरवता येणारे लॉक बसवले. बाबा ज्या तीन इंची कडप्प्याच्या पट्टीला अडखळले होते ती काढून तेथे उतार आणि जाळी केली. पहिला उतार चुकल्याने महिनाभर पाणी बाहेर येत राहिले आणि काम पुन्हा करावे लागले. मुख्य दाराचा लाकडी उंबरठा मात्र आहे तसाच आहे. आई त्यावर रोज हळदकुंकू वाहते आणि तो काढण्याचा विषयसुद्धा तिला सहन झाला नाही. मला ते योग्यच वाटते. चौकटीला दांडी लावली आणि उंबरठ्याच्या आतल्या कडेला उठून दिसणारी पिवळी पट्टी चिकटवली.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंत हालचालीने लागणारे तीन दिवे गुडघ्याच्या उंचीवर बसवले. थंडीत ते उत्तम चालले. एप्रिलपासून मात्र माणूस अगदी जवळ आल्याशिवाय ते लागेनात. हे दिवे शरीराची उष्णता आणि भोवतालचे तापमान यांतील फरक ओळखतात, आणि दिवसभर तापलेल्या भिंतींच्या खोलीत तो फरक कमी होतो. आता वाटेच्या मध्यावर रात्रभर जळणारा एक साधा पिवळा, मंद दिवा इन्व्हर्टरवर जोडला आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाबा उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसतात आणि मगच पाऊल टाकतात, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे एकदम उभे राहिल्यावर दाब उतरून त्यांना भोवळ येते. घरातली सैल पायपुसणी काढली, गिझर ५० अंशांवर ठेवला आणि त्याच्या जोडणीवर, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा स्विच बसवून घेतला.

गळ्यात घालायचे धोक्याचे बटण मात्र पूर्णपणे वाया गेले. अंघोळीला आणि पूजेला बसताना आई ते काढून ठेवते, आणि नेमकी अंघोळीच्या वेळीच त्याची गरज असते. त्याऐवजी साधी बिनतारी दारावरची घंटा घेतली. तिचे बटण न्हाणीघरात जमिनीपासून फूटभर उंचीवर, पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल असे लावले आहे आणि घंटा शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात वाजते. दोनदा ती चुकून वाजली आणि दोन्ही वेळा काकू काही मिनिटांत दारात हजर होत्या. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. फोनशेजारी रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइनचा १४५६७ हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत.

मजुरी धरून सुमारे ३८,००० रुपये खर्च झाला. त्यातले सहा-सात हजार माझ्या घाईमुळे वाया गेले. या आठ महिन्यांत दोघांपैकी कोणीही पडलेले नाही. मागील अंगणात तुळशीकडे उतरणाऱ्या दोन पायऱ्यांना कठडा करायचे राहिले आहे. पावसाने त्या शेवाळण्यापूर्वी, जूनच्या आत, ते काम उरकायचे आहे. कठडा कोणत्या बाजूला हवा, ते या वेळी मी आधी आईला विचारले. तिने उत्तर न देता उतरून दाखवले, आणि तिचा डावा हात जेथे भिंतीला टेकला तेथे मी खडूने खूण केली आहे.