‘संरक्षण’ म्हणून विकलेली केराटिन ट्रीटमेंट

लांब केस असलेल्या मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी वेळीच सावध व्हावे, म्हणून पुण्यातील एका पार्लरमध्ये माझ्या भाचीची कशी फसवणूक झाली ते सविस्तर लिहीत आहे. तिचे केस मांडीपर्यंत पोहोचत. लग्नात अंबाडा, पिना, स्प्रे आणि इस्त्री हे सगळे होणारच होते, तेव्हा त्याआधी ‘केसांना कवच मिळेल’ असे सांगून पार्लरने तिला केराटिन ट्रीटमेंट सुचवली, म्हणजे केसांतील केराटिन या प्रथिनाच्या नावाने द्रावण लावून आणि इस्त्री फिरवून केस सरळ व चमकदार करण्याची प्रक्रिया. ती पूर्णपणे फॉर्मलिनमुक्त, म्हणजे फॉर्माल्डिहाइड या घातक रसायनाविना आहे, असे व्हॉट्सॲपवर लिहूनही दिले.

दरपत्रकावर ‘४,५०० रुपयांपासून’ असे छापलेले होते. यातील ‘पासून’चा अर्थ अर्ध्या केसांना द्रावण लावून झाल्यावर कळला. एवढ्या लांबीला माल जास्त लागतो असे सांगून ११,००० रुपये मागण्यात आले, आणि ओल्या केसांनी उठून जाणे शक्य नाही हे मागणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. द्रावण आतल्या खोलीतून वाटीत ओतून आणले जात होते. बाटली पाहायची आहे म्हटल्यावर एका नामांकित कंपनीचा चकचकीत खोका समोर ठेवला गेला. तो रिकामा होता. इस्त्री फिरू लागताच तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, घसा खवखवू लागला, आणि इस्त्री करणारी मुलगी स्वतः मात्र दुहेरी मास्क लावून उभी होती.

बाहेरून चोळलेले केराटिन वाकडा केस सरळ करत नाही. अशा अनेक द्रावणांत ते काम फॉर्माल्डिहाइड करते: ते केसातील प्रथिनांना एकमेकांशी जखडते आणि सुमारे २३० अंश सेल्सियस तापलेल्या इस्त्रीखाली वायू होऊन बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला आहे. ‘मुक्त’ या शब्दावर विसंबून चालत नाही, कारण अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २०१० मध्ये ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशाच एका द्रावणात ते आठ टक्क्यांहून अधिक आढळले होते. लेबलावर फॉर्मलिन, मिथेनाल किंवा मिथिलीन ग्लायकॉल यांपैकी कोणतेही नाव असले, तरी वस्तू तीच असते. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरले म्हणजे निर्धास्त व्हावे, असेही नाही. ते असलेल्या क्रीममुळे एका तरुणीच्या मूत्रपिंडांना वारंवार इजा झाल्याची नोंद फ्रान्समधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली आहे.

अतिशय लांब केसांना याचा धोका अधिक असतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे मांडीपर्यंतच्या वेणीचे शेंडे सहा-सात वर्षांचे असतात. इतक्या वर्षांच्या फणीने, उन्हाने आणि घासण्याने त्यांच्यावरचे खवले आधीच झिजलेले असतात, आणि मुळाजवळचा ताजा केस जी उष्णता सोसतो ती या शेंड्यांना सोसवत नाही. पार्लरमध्ये मात्र मुळापासून टोकापर्यंत एकाच तापमानावर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवली गेली. लग्नात केस आरशासारखे चमकले. त्यानंतर फणीत नेहमीचे गुंतवळ येईनासे झाले आणि बोटभर लांबीचे, मूळ नसलेले तुकडे पडू लागले. ज्या ठिकाणी केस तुटे तिथे पांढरा ठिपका दिसे. पार्लरने दोष बोअरच्या पाण्यावर ढकलला, वर महागडा शाम्पू गळ्यात मारला. अखेर त्यांनीच कमरेपर्यंत केस कापले आणि कापलेली वेणी परत मागितल्यावर ती कचऱ्यात गेल्याचे सांगितले. तिरुमला देवस्थान भाविकांच्या केसांची लांबीनुसार प्रतवारी करून लिलाव करते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना अशी वेणी कुणी कचऱ्यात टाकेल, हे पटणार नाही.

केस धुण्यापूर्वीच संपूर्ण लांबीचा दर लिहून घ्यावा, सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडायला लावावी आणि तिच्यावरील घटक, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक व बॅच क्रमांक यांचा फोटो काढावा. एवढ्याला नकार मिळाला, तर तिथून सरळ निघावे. बिलावरही प्रक्रियेचे आणि उत्पादनाचे नाव हवे. आमच्या बिलावर फक्त ‘हेअर सर्व्हिस’ लिहिले आहे. दिल्लीतील एका हॉटेलच्या सलूनमध्ये केस चुकीचे कापल्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली होती, पण एवढ्या नुकसानीचा पुरावा नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो आकडा रद्द करून प्रकरण परत पाठवले. म्हणून आधीचे आणि नंतरचे तारखेसह फोटो, संदेश आणि त्वचारोगतज्ज्ञाचा लेखी अभिप्राय जपून ठेवावा. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, आणि लेबल नसलेल्या द्रावणाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळा अर्ज दिला आहे.