छाया गोळी: पाळणा लांबवायचाय, पण दार बंद करायचं नाही अशांसाठी

‘मूल हवंय, पण दोन वर्षांनी’ असं ठरलेल्या जोडप्यांना आम्ही छाया आधी सुचवतो. लखनौच्या सीडीआरआयमध्ये (केंद्रीय औषध संशोधन संस्थेत) शोधलेली ही बिनहार्मोनची गर्भनिरोधक गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो रविवार असेल तर तीन महिने रविवार-बुधवार, चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. घोटाळा होतो तो इथेच: आठवड्यातून एकदाच घ्यायची म्हणून ती विसरते. पाकिटावरच वार लिहून ठेवा. चुकली तर आठवल्याबरोबर घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांहून जास्त उशीर झाला, तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्याला दोन.

पाळी लांबते, अंगावरून कमी जातं. बायका घाबरून गोळी सोडतात ती यामुळेच, आणि हे देताना सांगितलं जात नाही, हे फार वाईट. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर मात्र दिवस राहिलेत का ते आशाताईंकडच्या ‘निश्चय’ किटने तपासा.

पीसीओएस (अंडाशयात गाठी होण्याचा त्रास), नुकतीच झालेली कावीळ, यकृत-मूत्रपिंडाचे आजार असतील तर नको. थांबवल्यावर दिवस लवकर राहू शकतात. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शननंतर त्याला शेवटच्या डोसपासून साधारण सात ते दहा महिने लागतात.